सूतभर जागा

१

तामोत्सु इनोकुची रोज सकाळी साडेसहाला कारखान्याचं दार सरकवायचा, खिडकीची एक फळी उघडायचा आणि जिभेने ओलं केलेलं बोट हवेत धरायचा. कामो गावात दमटपणा मोजायचं यंत्र भिंतीवर नाही असा कपाटं करणारा कारागीर उरला नव्हता. तामोत्सुच्याही भिंतीवर ते होतं. पण आधी बोटाने सांगायचं आणि मग यंत्राने मान डोलवायची, असा तिथला क्रम होता.

मार्च अर्धा सरला होता. छपरावरचा बर्फ वितळून अंगणात टपटपत होता. कपाटांसाठी लागणाऱ्या किरी या हलक्या लाकडाच्या फळ्या अंगणात पाऊस आणि बर्फ खात पाच पाच वर्षं उभ्या असत. लाकडातलं काळं पाणी सगळं वाहून गेलं, की मगच तो त्यांना हात लावायचा.

कारखान्याच्या मधोमध सहा खणांचं कपाट उभं होतं. आतून किरी, हलकी आणि फिकी. दर्शनी बाजू दूरच्या एका बेटावरच्या जुन्या तुतीची. तसली तुती आता मिळत नाही. तामोत्सुने ती एक फळी सव्वीस वर्षं माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवली होती. कितीतरी मोठी गिऱ्हाइकं तिच्यासाठी हात जोडून गेली, पण त्याने ती दिली नव्हती.

कपाट त्याच्या मुलीचं होतं. चिगुसा अठ्ठावीस तारखेला लग्न होऊन तोयामाला जाणार होती आणि तिच्या आधी दोन दिवस कपाट जाणार होतं. ती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. त्यानंतर आपण पोरीला काय दिलं आणि काय द्यायचं राहिलं, हे तामोत्सुला कधी नीट कळलं नाही. म्हणून तो ही एक वस्तू देणार होता, आणि हिच्यात काही राहू द्यायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

त्याने वरून दुसरा खण आत ढकलला. पाचवा हळूच बोटभर बाहेर आला. पाचवा ढकलला, पहिला आला. किरीच्या चांगल्या कपाटाची हीच खूण. खण इतके नेमके बसलेले असतात, की एक आत जाताना आतल्या हवेला पळायला फट मिळत नाही. ती दुसऱ्याला बाहेर लोटते. मग घटकाभरात हवा कुठून तरी झिरपते आणि सगळे खण एका रेषेत येतात.

हे कपाट मात्र रेषेत येत नव्हतं. सहांपैकी कुठला तरी एक खण बोटभर बाहेर राहायचाच. सकाळी बाहेर असलेला संध्याकाळीही तसाच.

"बाबा, हे उलट बोलतं," चिगुसा दारातून म्हणाली. "एकाला गप्प करा, दुसरा तोंड उघडतो."

"तुझ्यावर गेलंय."

"मी कुठे उलट बोलते?"

"आत्ता काय केलंस मग?"

दुपारी दोन घरं पलीकडचे उमेहारा आले. एकोणिसाव्या वर्षी तामोत्सु त्यांच्याकडे काम शिकायला लागला, त्याला आता अडतीस वर्षं झाली होती. म्हाताऱ्याचे डोळे गेल्यातच जमा होते. त्यांनी प्रत्येक खणाच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा जाताना, एकदा येताना.

"ढिला कोणता ठेवलास?"

"कोणताच नाही, उस्ताद."

"खालचा?"

"तोही नाही."

उमेहारांचा अंगठा थांबला. शेवटचा हात म्हणून सगळ्यांत खालच्या खणाच्या एका कडेवरून रंध्याचा एक पापुद्रा काढायचा, सूतभर जागा सोडायची, ही त्यांची रीत. तामोत्सुने गिऱ्हाइकांच्या प्रत्येक कपाटात ती पाळली होती. गिऱ्हाइकाने खण अडकतो म्हणून कुरकुर करू नये, एवढाच तिचा अर्थ त्याने लावला होता.

"काढून टाक. अजून वेळ आहे."

"हे चिगुसाचं आहे, उस्ताद. हे मला पुरतं करायचंय."

"तिचं आहे म्हणूनच सांगतोय."

"डोळे गेले, आता जीवही भित्रा झाला वाटतं तुमचा."

"जीव शाबूत आहे माझा. तुझी अक्कल कुठे ठेवलीस ते बघ," म्हातारा म्हणाला आणि चहा न घेताच गेला. असं ते कधी करत नसत.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही खण बंद होते.

तामोत्सुला आधी बरं वाटलं. थंडीने लाकूड रात्रीतून आकसलं असेल, हवा झिरपली असेल, कपाट शहाणं झालं असेल. तुतीचे पट्टे वरपासून खालपर्यंत अखंड दिसत होते, जणू कुणी ती फळी कापलीच नव्हती. तो बराच वेळ बघत उभा राहिला.

मग त्याने तिसरा खण ओढला.

ठप्प.

खण शेवटपर्यंत आत जाऊन टेकला की जो मऊ, भरीव आवाज होतो, तो. अडतीस वर्षांत त्याने तो हजारो वेळा ऐकला होता. झोपेतसुद्धा ओळखला असता. एक खण ओढला की बाहेर असलेला दुसरा हवेच्या ओढीने आत जातो, हे खरं. पण बाहेर कुठलाच नव्हता. उरलेले पाचही आधीपासून मिटलेले होते, आणि आताही तसेच होते.

त्याने तिसरा आत ढकलला. कुठलाच खण बाहेर आला नाही. पण आत, बरंच आत, लाकडावरून लाकूड घसरत गेल्याचा आवाज आला.

३

तामोत्सु घाबरट माणूस नव्हता. काम चुकलं की तो मोजमाप घ्यायचा.

त्याने सहाही खण काढून सतरंजीवर ओळीने मांडले. रिकाम्या सांगाड्यात डोकं घातलं. मागची फळी जागेवर होती; बोटांनी वाजवली, तिने किरीचा पोकळ, गोड आवाज दिला. खोली मोजली. बाहेरून मोजली. फळीची जाडी वजा केली. फरक शून्य. त्याने पट्टी बदलून पुन्हा मोजलं. पट्टीवर संशय घ्यायची त्याच्यावर ही पहिलीच वेळ आली होती.

मग एकेक खण परत बसवला. सहा खण आत गेले. सहा खणांची हवा कुठे तरी जायला हवी होती. एकही खण हलला नाही.

देवघरातल्या तीन उदबत्त्या आणून त्याने पेटवल्या. गळती शोधायची ही जुनी युक्ती. जिथे फट असेल तिथे धूर फरफरतो. त्याने उदबत्ती चौथ्या खणाच्या कडेला धरली. धूर सरळ वर जात होता, तो वाकला आणि फटीतून आत गेला. आतच जात राहिला, एकसारखा, सावकाश. मग क्षणभर थांबला. मग पुन्हा आत जाऊ लागला.

तीन उदबत्त्या संपल्या. खोलीत धूर नव्हताच. त्याने खण उघडून नाक घातलं. आत वास नव्हता.

'फट आहे,' त्याने स्वतःशी म्हटलं. 'मागच्या सांध्यात केसाएवढी फट आहे, आणि अंगणातला वारा ओढ घेतोय.' म्हणताना त्याला ते पटलं. फट असली तर लाज होती, पण ती दुरुस्त करता आली असती. फक्त, अंगणात त्या दिवशी वारा नव्हता. कोरड्या गवताची पातीसुद्धा हलत नव्हती.

४

एकवीस तारखेला चिगुसा चहा आणि भाताचे दोन गोळे घेऊन आली. तिच्या काखेत कागदात बांधलेला आईचा किमोनो होता.

"घालून बघू का यात? मावतो का ते तरी कळेल."

"अजून कड्या नीट बसल्या नाहीत."

"मी काय कड्यांना लटकणारे का?" तिने दुसरा खण ओढला. "अगंबाई! किती हलका येतो हो हा. पलीकडून कुणीतरी लोटतंय असं वाटतं."

तामोत्सुने हातातला चहा खाली ठेवला.

तिने किमोनो आत ठेवला, कागदावरून हात फिरवला. "उबदार आहे आत. कपाटात शेगडी ठेवलीत की काय?"

"किरीचं लाकूड उबदारच लागतं हाताला."

"एवढं?" ती हसली आणि खण लोटायला हात मागे घेऊ लागली. तिने लोटायच्या आधीच खण निघाला. झटक्याने नाही. शांतपणे, एखादा कारागीर आपलं काम पारखताना लोटतो तसा. तिची बाही आत होती. खण मिटला, बाही मिटली, आणि तरी थांबलं नाही. कापड फटीतून आत सरकतच राहिलं. आधी मनगट कडेला लागलं, मग कोपर वाकलं.

"बाबा, बघा ना, सोडतच नाही हे!" ती अजून हसतच होती. "सासरी जायच्या आधीच पदर धरलाय."

तामोत्सुने कड्यांना दोन्ही हात घातले, पाय कपाटाच्या पायट्याला रोवला आणि ओढलं. पलीकडून कुणी धरून ठेवावं तितकाच जोर लागला, आणि पलीकडून कुणी सोडून द्यावं तसा खण मोकळा झाला. ठप्प, कुठे तरी आत.

चिगुसाने बाही झटकली. कोपरापर्यंत तिला बारीक, नीट चुण्या पडल्या होत्या, घड्या घालून ठेवल्यासारख्या.

"घट्ट जमलंय हो बाबा," ती म्हणाली. तिने किमोनो परत काखेत घेतला. पण निघताना कपाटाच्या दर्शनी बाजूवर तळहात ठेवून ती क्षणभर थांबली. "माझ्याकडे तुमच्या हातचं असं काहीच नव्हतं. एक पाट होता लहानपणी, तोही तुम्ही भट्टीत घातलात."

"त्याला तडा गेला होता."

"मला आवडायचा."

ती गेल्यावर तामोत्सु कपाटाकडे तोंड करून खाली बसला. हे कपाट तिच्याबरोबर जाणार, एका अनोळखी घरातल्या आतल्या खोलीत उभं राहणार, आणि ती रोज त्यात हात घालणार. पाठवायचं नाही म्हटलं, तर तिला काय सांगायचं?

५

उमेहारा अंगणात उन्हाला बसले होते. तामोत्सुने सगळं सांगितलं. खणाचा आवाज, उदबत्त्या, बाही. सांगताना त्याला वाटत होतं, म्हातारा आता हसेल आणि आपण सुटू.

म्हातारा हसला नाही.

"उस्ताद, तुम्ही सूतभर जागा का सोडायचात?"

"माझे उस्ताद सोडायचे म्हणून."

"ते का सोडायचे?"

"मी विचारलं नाही. तूही अडतीस वर्षं विचारलं नाहीस."

"कधी एकदाही सोडायची राहिली नाही तुमच्याकडून?"

उमेहारांनी तोंड उन्हाकडे वळवलं. त्यांच्या पांढुरक्या बुबुळांवर ऊन पडलं तरी पापण्या मिटल्या नाहीत. बराच वेळ ते गुडघ्यावर अंगठा घासत राहिले.

"परत जा आणि पापुद्रा काढ," ते शेवटी म्हणाले. "कपाट ठीक होईल. पोरीला बिनघोर दे."

"आणि आत जे आहे ते?"

"आत हवा आहे."

"मग ती हवा कुठे जाईल?"

"वाट मिळेल तिथे जाईल." त्यांनी चाचपून तामोत्सुचं मनगट धरलं. म्हातारा हात थंड आणि आश्चर्य वाटावं इतका घट्ट होता. "कपाटात राहणार नाही, एवढं मी सांगतो. पुढचं विचारू नकोस. पोरीचं बघ."

६

तेवीस तारखेला दुपारी चिगुसा बाजारात गेली, तेव्हा त्याने रंध्याच्या पात्याला धार लावायला घेतली. तीन दगडांवर, एकेका दगडावर शंभर वेळा. पातं मनगटावर ठेवून पाहिलं. मग सगळ्यांत खालचा खण पूर्ण बाहेर काढला.

ठप्प, असं आत झालं. तो वाट बघतच होता, तरी दचकला.

जमिनीवर गाल टेकवून त्याने रिकाम्या जागेत पाहिलं. खिडकीतून तिरपं ऊन थेट आत जात होतं. मागची फळी दीड हातावर असायला हवी होती. दीड हातावर ऊन थांबलं नाही. ते किरीच्या फिक्या तळावरून पुढे गेलं, आणखी पुढे, आणि बऱ्याच अंतरावर एका खणाच्या पाठीवर पडलं. त्याने स्वतः केलेल्या खणांसारखीच ती पाठ होती. लाकडी खिळे त्याच तिरक्या हाताने ठोकलेले. तो खण दूर जात होता. पलीकडून कुणीतरी तो ओढून घेत होतं, सावकाश, कामाची पारख करत. तो आणखी थोडा सरकला, तेव्हा त्याच्या वरच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसला. तोही दुपारचाच उजेड होता. आणि फटीच्या कडेवर आतून चार बोटं वळली होती. नखं त्याच्या स्वतःच्या नखांसारखी अगदी मुळापर्यंत कापलेली.

बोटं थांबली. पलीकडचं माणूसही वाकून बघायच्या बेतात असावं, तशी.

तामोत्सु उठला. त्याने पुन्हा खाली वाकून पाहिलं नाही, मोजमाप घेतलं नाही. खण मेजावर उपडा ठेवला आणि रंधा ओढला. पहिला पापुद्रा अखंड आला, इतका पातळ की मेजाचे डाग त्यातून दिसावेत. दुसरा आला. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत नेमकं काम तो आपल्या हाताने बिघडवत होता. तिसरा पापुद्रा काढून त्याने खण डोळे मिटून जागेवर बसवला आणि लोटला.

कपाटाने सुस्कारा सोडला.

तो फार लांबला. खालच्या फटीतून वारा आला, उबदार, कुणाच्या तरी श्वासाइतका दमट. जमिनीवरचे पापुद्रे उचलले गेले आणि घरंगळत निघाले. उघड्या खिडकीकडे नाही. कारखान्यातून घरात जाणाऱ्या दाराकडे. एकापाठोपाठ एक ते उंबऱ्याशी जाऊन टेकले. दाराखालची फट चांगली बोटभर होती.

त्यानंतर कपाट साध्या कपाटासारखं वागू लागलं. खण ढकलावा, दुसरा जरासा पुढे यावा, घटकाभरात सगळे रेषेत. मागची फळी दीड हातावर होती.

७

सव्वीस तारखेला कपाट गेलं. गाडीत चढवताना उमेहारांनी खालच्या खणावर अंगठा फिरवला आणि नुसती मान हलवली. चिगुसालाही कळलंच. सुताराची पोर ती.

"बाबा, खालचा ढिला झालाय."

"असू दे."

"तुम्ही आणि 'असू दे'?" तिने बापाकडे नीट पाहिलं. "बरं नाही का तुम्हाला?"

"पोरगी चाललीये. बरं कसं असेल?"

हे ऐकून ती रडली, आणि पुढचं काही विचारायचं राहून गेलं.

लग्न लागलं. ती गेली. तामोत्सु रिकाम्या घरात परतला, बूट काढले, स्वयंपाकघरात गेला आणि मागे दार सरकवून बंद केलं.

बैठकीच्या खोलीचं दार बोटभर उघडलं.

घर साठ वर्षांचं होतं. खिडक्या खडखडत, भिंतींना भेगा होत्या, हिवाळ्यात बर्फाचे कण आत येत. अशा घरात हवा कोंडत नाही. एका दाराने दुसऱ्याला ढकलावं इतकं ते घट्ट नाही. हे तामोत्सुइतकं कुणाला कळत होतं? त्याने बैठकीचं दार लावलं. तर न्हाणीघराचं उघडलं. तेही लावलं. चिगुसाच्या खोलीचं उघडलं, दोन बोटं.

त्याने ते तसंच राहू दिलं. आठवडाभरात त्याला नियम कळला. आत एक दार उघडं ठेवलं, की बाकीची गप्प राहतात. सगळी लावली, तर रस्त्यावरचं पुढचं दार थरथरू लागतं. म्हणून चिगुसाची खोली उघडी राहिली. रोज सकाळी ती आदल्या दिवशीपेक्षा थोडी जास्त उघडी असायची. त्या दारासमोरून जाताना तो नजर खाली ठेवायचा. कडेला, लाकडावर, काही दिसू नये म्हणून.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला.

"बाबा, रविवारी येतोय आम्ही दोघं. आमटीसाठी घरचा मिसो नेईन म्हणते. इथला गोड असतो, घशाखाली उतरत नाही."

"रविवारी नको."

"का?"

"काम आहे. मोठं गिऱ्हाईक यायचंय."

"येऊ दे की. मी काय तुमच्या गिऱ्हाइकाला खाते? माझ्या खोलीत झोपू आम्ही. उबदार असते ती."

तामोत्सुने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिने बाहेरून पुढचं दार उघडलं, तर त्याच क्षणी आत कुठलं तरी मिटेल. तेव्हा ती कुठल्या बाजूला असेल, याचा त्याने पुष्कळ विचार केला होता.

"मीच येतो तिकडे," तो म्हणाला.

"तुम्ही? लग्नातसुद्धा जेवण संपायच्या आत निघालात!"

"येतो म्हटलं ना. कपाट कसं आहे?"

"छान आहे. सासूबाई म्हणतात, असं काम बघितलं नाही. खालचा खण मात्र जरा खुळखुळतो हं. कधी येताय नक्की?"

"कळवतो," तो म्हणाला. "तू येऊ नकोस. ऐक माझं, चिगुसा. मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

"बाबा, माझं काही चुकलं का?"

"नाही ग बाळा. तुझं काही नाही."

फोन ठेवून तो कारखान्यात गेला. तिथून त्याने किरीच्या पट्ट्या, रंधा, घोटलेल्या भाताची खळ आणि मूठभर लाकडी खिळे घेतले. पुढचं दार बाहेरून उघडताच येऊ नये म्हणून त्याच्याशी गुडघे टेकून त्याने चौकटीची फट चारही बाजूंनी मोजली. वर जास्त होती, खाली कमी. त्याने पहिली पट्टी रंधली, बसवून पाहिली, काढली, पुन्हा रंधली. त्या कपाटानंतर प्रथमच काम इतकं मनासारखं होत होतं. चौथ्या खेपेला पट्टी अंगठ्याच्या दाबाने आत गेली, आणि रस्त्यावरचा आवाज बंद झाला. सायकलची घंटा, शेजारणीचं बोलणं, सगळंच.

मागे चिगुसाच्या खोलीचं दार सरकलं. या वेळी बोटभर नाही, पुरतं, शेवटपर्यंत.

तामोत्सु वळला नाही. त्याने खळीत बोट बुडवलं आणि दुसरी पट्टी मोजायला घेतली.